भिकुबाईच्या नावाची मूठ

यावल
९ मार्च २०२५

चि. दिपमाला हिस आबांचा आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोहोचलो. म्हणजे गाडी सुखरूप पोहोचली. तुझ्या आजीचं काय ते मला कळत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू बोलतेस ते मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरतो. रात्रभर मग जे भरलं त्याचीच काळजी करत बसतो. तुझा समाधानमामा म्हणतो, आबा, मोबाईलमध्ये बोलून ठेवा, दिपमाला ऐकेल. मला डब्याशी बोलता येत नाही. सातवीत शाळा सुटली तरी माझं अक्षर बरं आहे, तेव्हा लिहितोच.

तू काम करतेस त्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी आजीच्या हाताला ते सलाईन लावलं, तेव्हा तू आत होतीस आणि मी बाहेर बाकावर. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला फार जुन्या ओळखीचा वाटला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. मी घाबरलो. रात्री तुमच्याकडे तिला झोप लागली म्हणून बोललो नाही. सकाळी गाडीत बसल्यावर मात्र विचारलं. काय दिसलं? कुठे गेली होतीस? कोण होतं तिथे? अमळनेरपर्यंत ती ‘काही नाही’ म्हणत होती. चोपड्यापर्यंत तेही बंद झालं. यावल आलं तेव्हा तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. तेव्हापासून घरात ती भिंतीकडे तोंड करून पडते. म्हणजे आधी होती तशीच.

मी काय चुकलो ते सांग. त्या सलाईनमध्ये काय होतं तेही सांग. आणि ती आत काय बोलली? माझ्याबद्दल काही बोलली का? बोलली असेल तर तसं लिही, मला राग येणार नाही. येईल, पण मी तो दाखवणार नाही.

मला भीती कशाची आहे ते तुला एकदा नीट लिहून ठेवतो. श्रावणात कानबाई देवी घरात बसायच्या आधी नैवेद्याच्या रोटाचे गहू काढतात. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ. मी नावं घेतो, ती मुठी टाकते, ही आमची लग्नापासूनची वाटणी. सगळ्यात शेवटी तिचं नाव. मी बायकोचं नाव वर्षातून तेवढं एकदाच तोंडाने घेतो. गेल्या श्रावणात मी नाव घेतलं, तर तिने सूप बाजूला सरकवलं आणि म्हणाली, “झालं.” मी पुन्हा नाव घेतलं. ती उठून गेली. त्या वर्षीच्या रोटात तिच्या नावाचा दाणा नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी कानबाई तिच्या अंगात आली नाही. चाळीस वर्षं यायची. सगळी भाऊबंदकी तिच्या पाया पडायची, मीसुद्धा पडायचो. तेव्हापासून तिचं मन बसलं ते बसलंच. खरं तर आधीच बसलेलं होतं, आम्हाला तेव्हा दिसलं.

येत्या श्रावणात मी नाव घेईन तेव्हा ती काय करते, एवढंच मला बघायचं आहे. बाकी काही नको.

ताजा कलम, एक काळा चष्मा पाठव. बायकी. इकडे ऊन फार आहे.

तुझे
आबा


धुळे
१६ मार्च २०२५

ती. आबांना सा. न.

पत्र मिळालं. अक्षर खरंच चांगलं आहे, आमच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

आधी औषधाचं. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला जे औषध वापरतात, त्यातलंच हे एक, पण अगदी कमी दिलेलं. गोळ्यांनी ज्यांचं मन वर येत नाही, अशा काही जणांना डॉक्टर ते देतात. भूलतज्ज्ञ शेजारी असतात, रक्तदाब सारखा बघतात. ते चालू असताना माणूस जागा असतो पण इथे नसतो. कुणाला रंग दिसतात, कुणाला मेलेली माणसं, कुणाला काहीच नाही. कुणी घाबरतंही, म्हणून मी हात धरून बसले होते. आजी पेशंट असली तरी माझी आजी आहे, म्हणून तिच्याशी पुढचं बोलणं माझ्याकडे दिलेलं नाही. ते प्रज्ञाताई करतात. त्या समुपदेशक आहेत.

आजी आत काय बोलली ते मी सांगणार नाही. तुम्ही रागवा. ते तिचं आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. एवढंच सांगते की तुमच्याबद्दल तक्रार नव्हती. आता तरी झोपा.

आणि तुम्ही काय चुकलात ते तुम्हालाच ठाऊक आहे. आठवा. मी श्रावणात यायचे तेव्हा कानबाईचं वारं आजीच्या अंगातून उतरलं की बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या. कानबाई आई काय म्हणाली, माझ्या लेकीला दिवस कधी जातील, पाऊस कधी पडेल. आणि तुम्ही पंचा फिरवत यायचात. “सरका. माणूस आत्ता घरी आलंय, त्याला बसू द्या.” मग तिच्या अंगावर शाल टाकायची, तिच्याच तांब्यातलं पाणी द्यायचं, रोट दुधात कुस्करून पुढे ठेवायचा आणि तिच्याकडे पाठ करून ओट्यावर बसून राहायचं. एकदा मीच विचारलं, आजी, तुला काय दिसलं गं? तुम्ही मला कान धरून अंगणात नेलंत. म्हणालात, रोट संपेपर्यंत कुणी विचारायचं नसतं.

मग गाडीत का विचारलंत? देवी होती तेव्हा गप्प बसायचात, सुई होती म्हणून चौकशी सुरू केलीत. चूक माझीही आहे. मी आधी सांगायला हवं होतं. मला वाटलं, हे आबांना सांगायची गरज नाही, मी तर त्यांच्याकडूनच शिकले.

पुढचं सलाईन २७ तारखेला. येताना शाल आणि तांब्या घेऊन या.

चष्मा कशाला? आजीच्या डोळ्यांना काही नाही. पाठवते आहे, पण कारण कळवा.

तुमची
दिपमाला


यावल
२ एप्रिल २०२५

चि. दिपमाला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ मळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. समाधान विचारत आला, आबा, दिपमालाने काय लिहिलं? मी म्हटलं, मला रागावली. तो म्हणाला, बरं झालं.

यावेळी मी तू सांगितल्याप्रमाणे वागलो, ते तू दवाखान्यात पाहिलंच. गाडीत मात्र माझे हाल झाले. तिला खिडकीशी बसवलं, शाल दिली, तांब्या मांडीत धरला आणि तिच्याकडे पाठ करायची तर सीटवर जमेना, म्हणून पलीकडच्या माणसाकडे तोंड करून बसलो. तो पाचोऱ्याचा व्यापारी होता. त्याला वाटलं मला बोलायचं आहे. त्याने कापसाचे भाव सांगितले, जावयाचं सांगितलं, किडनीचं सांगितलं. मी सगळ्याला हो म्हणत होतो आणि मनात एकच, की तिला काय दिसलं असेल. चोपडा गेल्यावर मागून आवाज आला. तुझी आजी तिच्या माहेरच्या अहिराणीत म्हणाली, “आज तुम्हले बोलता येत नही का?”

मी म्हटलं, येतं.

ती म्हणाली, “मंग पानी द्या.”

एवढंच. पण दिपमाला, ती स्वतःहून बोलली. दुसऱ्या दिवशी तिने केस विंचरले. परवा तुझी ऋतिकामामी भाकरी करत होती तर चुलीशी जाऊन म्हणाली, पीठ सैल झालंय. ऋतिका रडायलाच लागली. मी म्हटलं, अगं, सासूने नाव ठेवलं म्हणून रडतेस? ती म्हणाली, नाही आबा, पुन्हा ठेवलं म्हणून रडते.

आता चष्म्याचं. लिहायला बरं वाटत नाही. गल्लीत मी सांगितलं आहे की तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मनाचा दवाखाना म्हटलं की लोक काय म्हणतात ते तुला माहीत आहे. भाऊबंदकीतले गिरधर भाऊ डोळा बघायला आले, तर पट्टी नाही, काही नाही. म्हणून चष्मा. ती बाहेर जाताना लावते. का लावायचा हे तिने मला विचारलं नाही. ते न विचारणं मला टोचतं.

शेजारपाजारच्या दोन बायांनी डॉक्टरचं नाव विचारलं आहे. त्यांना खरोखर मोतीबिंदू आहे. आता काय करू?

तुझे
आबा


धुळे
११ एप्रिल २०२५

ती. आबांना सा. न.

त्या बायांना सरकारी दवाखान्यात पाठवा. डोळ्यांचे डॉक्टर तिथे असतात. आणि एक खोटं सांभाळायला तुम्ही गावाला आंधळं करू नका.

चष्म्याबद्दल मी हसणार होते, पण आईने वाचलं आणि ती हसली नाही. ती म्हणाली, माझ्या आईला काळ्या काचेआड बसवलं का, जिच्या पाया सगळे पडतात तिला? तुम्हाला लाज वाटली नाही हे मला माहीत आहे, तुम्हाला भीती वाटली. आजीला मात्र त्यातला फरक कसा कळेल?

मे महिन्यात तिला आमच्याकडे राहू द्या. सलाईन आता लांब लांब अंतराने आहे, पण प्रज्ञाताईंकडे बसणं नियमित हवं. औषधाने मनाचं दार काही दिवस उघडं राहतं. त्या दिवसांत माणूस कसा उठतो, कुणाशी बोलतो, काय धरतो नि काय सोडतो, त्यावर पुढचं ठरतं. नाहीतर दिसलेलं तिथेच विरतं आणि दार पुन्हा लागतं.

प्रज्ञाताई स्वतः बौद्ध घरातल्या, कानबाई त्यांच्याकडे नसते. त्यांनी आजीला विचारलं, ही कानबाई कोण, मला सांगाल का? आजी पाऊण तास बोलली. पाऊण तास, आबा. मी दाराबाहेर उभी होते. गेल्या दिवाळीपासून तिचं मिळून एवढं बोलणं झालं नसेल.

तुमची
दिपमाला


धुळे
२५ मे २०२५

ती. आबा,

हे पत्र आजीचं आहे, मी फक्त लिहिते आहे. सुरुवात तिच्या शब्दांत.

“मी बरी शे. तुम्ही जेवण बरोबर करा. गाडीमा तुम्ही मुकाट बसनात, ते मले भलतं आवडनं.”

पुढचं ती म्हणते नीट भाषेत लिही, कागद पोस्टातून जाणार आहे.

सलाईनमध्ये मला दिसलं, मी कानबाई डोक्यावर घेऊन विसर्जनाला नदीवर निघाले होते. वाजंत्री नव्हती, माणसं नव्हती. ओझं नेहमीसारखं, मान दुखत होती. मग मान हलकी झाली. मला वाटलं, पडली. माझ्या हातून आई पडली. मी तिथेच बसून रडायला लागले. दिपमाला म्हणते मी खरंच रडत होते. मग बाजूला पाहिलं तर ती उभी होती. नाकात नथ, पायांना आपल्यासारखा चिखल. बोलली नाही. मी उठले, ती चालायला लागली, मीही चालले. दोघी शेताला निघालेल्या बाया चालतात तसं.

हे पहिल्याच वेळी दिसलं होतं. तुम्ही गाडीत विचारत होतात तेव्हा ते माझ्या तोंडात होतं. पण हाताळलं असतं तर फुटलं असतं, म्हणून पदर घेतला.

गेल्या वर्षी मला वाटलं आई रुसली, माझ्यात काही वाईट आलं. आता वाटतं ती रुसली नव्हती. ती खाली उतरून चालत होती. ओझ्याने मान ताठ, मी शेजारी बघणार कशी.

मी प्रज्ञाबाईला विचारलं, ही आई खरी की औषधाची? ती म्हणाली, ते मला सांगता यायचं नाही. पण घरी गेल्यावर तुम्ही तिला घेऊन काय करणार, ते आपण बोलू. मी विचार केला. मी रोज सकाळी कुणाच्या तरी सोबत चालणार. इथे लेक येते, आम्ही पांझरेच्या काठाने जातो. घरी तुम्ही यायचं. तुमचे गुडघे दुखतात मला माहीत आहे. तरी यायचं.

काळा चष्मा मी इथेच ठेवून येणार आहे.

(हे शेवटचं वाक्य तिने दोनदा लिहायला सांगितलं. मी एकदाच लिहिलं. दिपमाला.)


यावल
१५ जून २०२५

सौ. भिकुबाईस,

तुझं नाव कागदावर पहिल्यांदाच लिहिलं. पोस्टमन बघत नाही ना म्हणून आधी दाराकडे पाहिलं.

तुझं पत्र मी ठेवणीतल्या कपड्यांत ठेवलं आहे. कितीदा वाचलं ते सांगत नाही. मला वाटायचं चाळीस वर्षं तू तिला डोक्यावर नेतेस तो मोठा मान आहे. मान दुखत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. शाल द्यायचो, पाणी द्यायचो, पण मान दुखते का हे विचारलं नाही. विचारायचं नसतं म्हणून.

आता जे झालं ते ऐक, म्हणजे येशील तेव्हा दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही.

परवा मारुतीच्या ओट्यावर आपले सगळे भाऊबंद बसलो होतो. गिरधर भाऊ म्हणाले, “अभिमन, भिकुबाईचे डोळे कसे?”

“बरे आहेत.”

“धुळ्यात त्या गल्लीत डोळ्यांचा दवाखाना कधी निघाला? तोताराम भाचीकडे गेला होता. त्याने तिला मनाच्या दवाखान्याच्या पायरीवर पाहिलं. वर काळा चष्मा.”

तोताराम म्हणाला, “मी फक्त पाहिलं. बोललो नाही काही.”

“सगळ्या गल्लीत सांगितलंस,” जीवराम म्हणाला.

“त्यालाच पाहिलं म्हणतात.”

मग गिरधर भाऊ मुद्द्यावर आले. म्हणाले, “तिथे नशेची सुई देतात म्हणे. माणसाला काहीबाही दिसतं. यंदा कानबाई तुमच्या घरी बसायची आहे. मोठ्या घरचा मान म्हणून आम्ही बोलत नाही. पण नशेची सुई घेतलेल्या बाईच्या डोक्यावर देवी द्यायची का, ते तूच सांग.”

तू मला ओळखतेस. गॅसचा वास आला की मी तीनदा उठतो. तिथूनही उठून जावंसं वाटलं. तरी बोललो. म्हणालो, “मोतीबिंदू खोटा. मीच सांगितला, तिने नाही. तिचं मन आजारी पडलं होतं. इतकं, की तिने स्वतःच्या नावाचे गहू टाकायचे सोडले. आता तिचं औषध चालू आहे, डॉक्टर नाडी धरून देतात. त्यात तिला जे दिसलं ते तिचं आहे, मी कुणाला सांगणार नाही. पण त्यानंतर ती रोज पांझरेच्या काठाने चालते, जेवते, आणि मला पत्र लिहिते. तुमच्यापैकी कुणाला बायकोचं पत्र आलं आहे का, हात वर करा.”

कुणी केला नाही.

“आणि गिरधर भाऊ, नशेचं म्हणाल तर शिवरात्रीला भांगेचा तांब्या कुणी रिकामा केला? महादेव माझ्याशी बोलला म्हणून दिवसभर कोण सांगत होतं? दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत त्याचं? झोपलात.”

लोक हसले. गिरधर भाऊही हसले, जरा उशिरा. जाताना म्हणाले, “काय बोलला होता महादेव, तेच मला आठवत नाही रे.” त्यांचा चेहरा पडला होता. मला वाईट वाटलं.

घरी आलो तर पाय हलके होते. मी आयुष्यात कशाचा गर्व केला नाही, करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. परवा केला. तुझा केला.

ये आता. गुडघ्यांना तेल लावून ठेवतो.

अभिमन


धुळे
१३ जुलै २०२५

ती. आबांना सा. न.

आजी पोहोचली आणि तुम्ही दोघं सकाळी चोपडा रस्त्याने चालता, हे समाधानमामाने फोटोसकट कळवलं. फोटोत आजी पुढे आणि तुम्ही बरेच मागे आहात.

तुमच्या ओट्यावरच्या भाषणाचा अभिमान आम्हालाही आहे. आई ते शेजाऱ्यांना वाचून दाखवते. पण आबा, भाषणानंतर तुम्ही काय काय बोललात? तोताराम काकांनी आमच्या दवाखान्यात फोन करून विचारलं, कानबाईची सुई केवढ्याला? त्यांना त्यांच्या वडलांना भेटायचं आहे. गिरधर आजोबांच्या नावानेही कुणी चौकशी केली.

सगळ्यांना नीट सांगा. हे देवदर्शन नाही, एका आजाराचं औषध आहे, आणि ते सगळ्यांना चालत नाही. रक्तदाब असलेल्याला, काही वेगळे आजार असलेल्याला अपाय होऊ शकतो. आमच्याकडे अशीही माणसं येतात ज्यांना काही दिसत नाही आणि तरी बरं वाटतं, आणि अशीही, ज्यांना खूप दिसतं आणि काही बदलत नाही. आजीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. तिचं पुन्हा खाली जाणं होऊ शकतं. झालं तर घाबरून मोतीबिंदू काढू नका, मला कळवा.

आणि एक विचारू? श्रावण जवळ आला. यंदाही वारं आलं नाही तर तुम्ही काय कराल? आजी काय करेल ते मी विचारत नाही. तुम्ही काय कराल?

तुमची
दिपमाला


यावल
९ ऑगस्ट २०२५, राखी पौर्णिमा

चि. दिपमाला हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम दिलं नाही. मला येत नव्हतं. महिनाभर तेच डोक्यात होतं. कानबाई बसली, नारळाला डोळे रेखले, नथ घातली, बायकांनी गाणी म्हटली, आणि मी पडवीत उभा राहून तुझ्या आजीच्या खांद्यांकडे बघत होतो. वारं यायचं तेव्हा आधी खांदे हलायचे. नाही हलले. ती गात होती. तिचा आवाज सगळ्यात वर होता. तो इतका चांगला आहे हे मी विसरलोच होतो, कारण वारं आलं की गाणं थांबायचं.

सोमवारी सकाळी नदीवर निघायची वेळ झाली. सगळे थांबले. ती चौरंगापाशी गेली, नमस्कार केला आणि ऋतिकाला म्हणाली, “ये. यंदा तू घे.” ऋतिका म्हणाली, “आई, मला भीती वाटते.” तर तुझी आजी म्हणाली, “मी शेजारी चालते ना.” आणि चालली. अंगणापासून नदीपर्यंत, सुनेच्या बरोबरीने, एक हात तिच्या कोपराला. लोक मला विचारत होते, भिकुबाई का घेत नाही? मी म्हटलं, ती शेजारी चालते आहे, दिसत नाही का? गिरधर भाऊ माझ्यासोबत चालले. नंतर म्हणाले, “बरं दिसतं हे.”

नदीकाठी वारं आलं. ऋतिकाच्या अंगात आलं. पोर लटलट कापत होती. उतरलं तेव्हा खाली बसली आणि बायका गोळा झाल्या, आई काय म्हणाली, आई काय म्हणाली. मी सवयीने शाल आणि तांब्या घेऊन धावलो. तुझ्या आजीने दोन्ही माझ्या हातातून घेतलं. म्हणाली, “हे माझ्याकडे द्या. तुम्ही लोकं सरकवा.” मग शाल टाकली, पाणी दिलं आणि सुनेकडे पाठ करून वाळूत बसली. जशी मी बसायचो तशी. माझं काम गेलं, दिपमाला. चाळीस वर्षांचं काम गेलं आणि मी पंचा फिरवत असा उभा होतो, जसा माझा सत्कार चालला आहे.

परत येताना तोताराम मला म्हणाला, “भिकुबाईला आता येत नाही म्हणजे देवी गेलीच की.” मी म्हटलं, “तोताराम, तुला भेटायचं आहे ना वडलांना? आधी आईला भेटायला जा. नशिराबादला बहिणीकडे ठेवली आहेस ती.” गुरुवारी गेला, असं ऐकलं.

गव्हाचं मी मागे ठेवलं होतं, आता लिहितो.

कानबाईच्या आधी गहू काढायला बसलो तेव्हा मी मनात ठरवलं होतं, यंदा तिचं नाव पहिलं घ्यायचं. शेवटी ठेवलं तर तोपर्यंत माझा जीव राहायचा नाही. तिने लगेच ओळखलं. म्हणाली, “नेहमीसारखं घ्या.” मग घेतली. गेलेल्या आईवडलांची आपल्यात धरत नाहीत, जिवंत माणसांचीच. समाधान. ऋतिका. त्यांची पोरं. तुझी आई परघरची, तरी तिचं आणि तुझं नाव मी मनातल्या मनात घेतलं, त्याचे गहू नसतात. मग माझं. तिने माझी सव्वा मूठ टाकली. मग मी थांबलो.

माझ्या तोंडून नाव निघेना. बाहेर समाधान कुणाशी तरी केळीच्या गाडीवरून भांडत होता, ते सगळं मला स्पष्ट ऐकू येत होतं. एरवी काही येत नाही. तिचा हात गव्हात होता. ती वाट बघत होती. मी खाली बघत होतो.

ती म्हणाली, “घ्या ना. मन्हा नावनी मूठ मीच लेसू, पण नाव तुम्हीच ल्या.”

मी म्हटलं, “भिकुबाई.”

तिने मूठ भरली. नुसती भरली नाही, दाबून भरली, बोटांतून दाणे सांडत होते. सुपात टाकली. मग पाव मूठ म्हणून जी घेतली, ती पुन्हा पुरी मूठ होती. मी म्हटलं, “अगं, सव्वा.” ती म्हणाली, “गेल्या सालचं राहिलं होतं.”

रोट त्यामुळे संपता संपेनात. रोट घराबाहेर देता येत नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात. सकाळी रोट, दुपारी रोट. समाधान म्हणाला, आई, तुझ्या नावाचा रोट तूच खा. ती म्हणाली, खाते. काल शेवटचा तुकडा राहिला होता. तिने तो दुधात कुस्करला आणि ओट्यावर बसून सावकाश खाल्ला. मी दाराशी होतो. रोट संपले होते, म्हणजे आता विचारायला हरकत नव्हती. बसल्या बसल्या तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही विचारलं नाही.

वाटी धुऊन ठेवली आणि म्हणाली, “उठा. आज चालायचं राहिलं.”

गुडघे दुखत होते. गेलो. ती पुढे गेली, मग वळणावर थांबली आणि मी येईपर्यंत उभी राहिली.

तुझे
आबा